गॅस डिटेक्टर: नळीतलं रीडिंग, मोबाइलवरचा अलार्म

प्रश्न: ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आम्ही पंपवाल्या डिटेक्टरची दहा मीटर नळी आत सोडतो. लगेच रीडिंग येतं, सगळं नॉर्मल असतं. एवढं पुरे का? (ईटीपी ऑपरेटर, तारापूर)

नाही. लगेच दिसतं ते टाकीतलं रीडिंग नसतंच. नळीत आधीच भरलेली बाहेरची हवा सेन्सरपाशी पोचलेली असते. किती थांबायचं हे उपकरणाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती हाताशी नसेल तर मीटरमागे तीन सेकंद धरा आणि सेन्सर स्थिरावायला वर दोन मिनिटं द्या. दहा मीटरला अडीच मिनिटं झाली. तीही प्रत्येक पातळीला, कारण मिथेन हलका म्हणून वर साठतो आणि हायड्रोजन सल्फाइड जड म्हणून तळाशी बसतो. पहिलं रीडिंग झाकण जरासं सरकवून फटीतूनच घ्या.

नळी सोडण्याआधी तिचं टोक अंगठ्याने दाबून धरा. पंप अडकल्याचा अलार्म वाजायलाच हवा. नाही वाजला तर नळी कुठेतरी फाटली आहे किंवा जोड ढिला आहे, म्हणजे तुम्ही वरचीच हवा मोजताय. नळीत पाण्याचे थेंब असतील तर हायड्रोजन सल्फाइड त्यातच विरघळतो आणि आकडा कमी दिसतो. बाजारातून आणलेली साधी रबरी नळी जोडण्याची काटकसर तर मुळीच नको. ती गॅस शोषून घेते.

आणखी एक. गाळ शांत असताना सगळं ठीक असतं. फावडं लागलं की त्यात अडकलेला गॅस एकदम सुटतो. म्हणून उतरणाऱ्याच्या छातीवर स्वतंत्र डिटेक्टर हवाच, आणि काम संपेपर्यंत तो चालू हवा.

प्रश्न: नवे डिटेक्टर वायरलेस आहेत. कंट्रोल रूममध्ये सगळी रीडिंग्ज दिसतात. मग मॅनहोलपाशी माणूस बसवून ठेवायची गरज काय? (ठेकेदार, पुणे)

हा प्रश्न हल्ली फार येतो, आणि दर वेळी मला धास्तावतो. कंट्रोल रूममधल्या माणसाला अलार्म दिसेल, पण आत उतरलेल्याचा दोर तो ओढणार नाही. शिवाय लोखंडी टाकीतून किंवा जमिनीखालच्या चेंबरमधून सिग्नल बाहेर येईलच असं नाही. टाकीच्या तोंडापाशी सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर ठेवावा लागतो. स्क्रीनवरचा आकडा ताजा आहे की कनेक्शन तुटण्याआधीचा, हे आधी तपासा. कनेक्शन गेलं तर काम थांबवून माणूस वर घ्यायचा, असं परमिटवरच (कामाच्या लेखी परवान्यावरच) लिहा. वायरलेसचा खरा उपयोग म्हणजे अलार्म एकाच वेळी चौघांना कळतो आणि मदत लवकर निघते. तोंडावरच्या माणसाची जागा तो घेत नाही. आणि त्या माणसानेही आत उडी मारायची नाही. अशा दुर्घटनांत वाचवायला उतरलेल्याचाही जीव जातो, हे आपण पुन्हा पुन्हा वाचतो.

गटारात माणूस उतरवणंच मुळात टाळायचं आहे, हेही लक्षात असू द्या. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे, आणि गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई 30 लाख रुपये केली.

प्रश्न: आमच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशन टाकी साफ करताना चार गॅसच्या डिटेक्टरवर एकही अलार्म नव्हता, तरी कामगारांचं डोकं गरगरलं. उपकरण खराब आहे का? (सुपरवायझर, अहिल्यानगर जिल्हा)

उपकरण ठीक असेल, पण फर्मेंटेशनमध्ये तयार होणारा कार्बन डायऑक्साइड ते मोजतच नाही. ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड, एवढंच ते पाहतं. ऑक्सिजनचा अलार्म बहुधा 19.5 टक्क्यांवर लावलेला असतो. समजा आकडा 20.9 वरून 19.9 झाला. अलार्म गप्प. पण हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा असतो, म्हणजे तो एक टक्का हटायला दुसरा गॅस जवळपास पाच टक्के घुसावा लागतो. पाच टक्के म्हणजे 50,000 पीपीएम (दहा लाख भागांत 50,000 भाग), आणि एवढ्या कार्बन डायऑक्साइडने डोकं गरगरणारच! कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर असलेला डिटेक्टर घ्या, आणि तोवर ऑक्सिजनचा आकडा थोडा जरी घसरला तरी माणूस उतरवू नका.

प्रश्न: रीडिंग पाहायला साधा मोबाइल चालेल का? (वाचक, लोटे)

ज्वलनशील गॅसच्या क्षेत्रात नाही. डिटेक्टर स्फोटरोधक प्रमाणित असला तरी खिशातला फोन नसतो. तिथे प्रमाणित हँडसेटच हवा. साधा फोन धोक्याच्या हद्दीबाहेर ठेवा.