चित्रकलेच्या २४ विद्यार्थ्यांची एक दिवसाची स्केचिंग सहल: ती नुसती भटकंती होऊ नये म्हणून काय करावं?

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मिळून २४ मुलांना कुठे न्यावं, सोबत काय घ्यावं आणि दरवेळचं ‘फोटो काढले, जेवलो, परत आलो’ कसं टाळावं, असं तुम्ही विचारलंय. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिली दोन त्यावरच ठरतात.

सहल फसते ती बहुधा ‘जा, फिरा, काहीतरी सुचेल’ एवढ्याच सूचनेमुळे. सगळं खुलं असलं की मुलं पहिला अर्धा तास जागा शोधण्यात घालवतात, मग मैत्रिणीशेजारी बसतात आणि समोर जे सगळ्यात देखणं दिसेल ते काढायला घेतात. संध्याकाळी २४ पानांवर तोच एक देखावा. त्यामुळे निघण्याआधी दिवसाला एकच विषय द्या, आणि तो स्थळाचा नसावा, बघण्याचा असावा. ‘देऊळ’ किंवा ‘नदी’ हा विषय नव्हे. ‘कड कुठे हरवते’, ‘उभ्या आणि आडव्या रेषा’, ‘सावलीचा रंग’, ‘झिजलेल्या जागा’ हे विषय. असा विषय हातात असला की साधी भिंतसुद्धा पुरते. दुसरं, पूर्ण चित्राचा आग्रह सोडा. दिवसाअखेर प्रत्येकाकडे १५ ते २० छोटी रेखाटनं, रंगांच्या चार-पाच पट्ट्या आणि दोन पानं टिपणं आली, तर दिवस कामी आला. चित्र नंतर खोलीत बसून करायचं असतं.

आता जागा. एका बाजूचा प्रवास दीड तासाहून जास्त नको. आठ-नऊ तासांच्या दिवसात येणं-जाणं, जेवण आणि मुलांची मोजणी वजा जाता चित्र काढायला साधारण चार तास उरतात. ठिकाणं दोनच ठेवा, तीही चालत जाता येतील इतकी जवळ. तीन ठिकाणं घेतली की प्रत्येक वेळी सामान आवरणं, माणसं गोळा करणं, पुन्हा मांडणं यात प्रत्येकी अर्धा तास जातो. एक जागा उघड्यावरची आणि एक छताखालची, ही जोडी सगळ्यात उपयोगी. पाऊस आला तर क्रम उलटा करता येतो. नाही आला तरी भर दुपारी छताखाली जाता येतं. माथ्यावरच्या उन्हात सावल्या आखूड होतात, आकार सपाट दिसतात आणि डोळे थकतात. निसर्गचित्र सकाळी करा, दुपारी आत जा, उतरतं ऊन मिळालं तर पुन्हा बाहेर.

ती जागा तुम्ही स्वतः आधी बघून या, शक्यतो त्याच वारी आणि त्याच वेळी. सावली किती वाजता कुठे असते, २४ जणांना वाट न अडवता बसता येईल का, स्वच्छतागृह आणि पाणी कुठे आहे, आठवड्याची सुट्टी कधी, हे सगळं फोनवर नीट कळत नाही. संग्रहालयात न्यायचं असेल तर गटाची वेळ आधी घ्या आणि चित्रसाहित्याबद्दल स्पष्ट विचारा. बऱ्याच संग्रहालयांत फक्त पेन्सिल चालते. शाई, जलरंग, चारकोल (कोळशाची कांडी) आणि इझल (चित्र टेकवायची घडवंची) चालत नाहीत. हे दारात कळलं तर अर्धा वर्ग रिकाम्या हाताने आत फिरतो.

सहा-सहाचे चार गट करा आणि प्रत्येक गटात दोन्ही वर्षांची मुलं मिसळा. प्रत्येक गटाला प्रमुख आणि बसायची हद्द ठरवून द्या. दोघांत किमान दहा पावलांचं अंतर असू द्या, म्हणजे प्रत्येकाचा कोन वेगळा होतो आणि गप्पाही आपोआप कमी होतात. लोक मागे उभे राहून बघतात म्हणून पहिल्या वर्षाची मुलं हमखास बिचकतात. त्यांना भिंतीला किंवा झाडाला पाठ टेकवून बसवा. निम्मी भीती तिथेच जाते.

सामानाचा नियम एकच: सगळं एका खांद्याच्या पिशवीत मावलं पाहिजे आणि दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. ए५ आकाराची, १५० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम; आकडा मोठा तेवढा कागद जाड) कागदाची स्केचबुक. रंगासाठी त्याच आकाराचे ३०० जीएसएमचे चार-पाच सुटे कागद. यापेक्षा पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पातळच असेल तर चारही कडा चिकटपट्टीने बोर्डाला लावून घ्या. २बी आणि ६बी (आकडा मोठा तेवढी मऊ आणि गडद) पेन्सिली घरूनच टोक करून आणाव्यात. एक जलरोधक शाईचं पेन हवं, पण ते आदल्या दिवशी तपासा: रेघ ओढून दोन मिनिटांनी ओला ब्रश फिरवायचा. रेघ पसरली तर ते पेन घरी. गोल ब्रश ४ आणि ८ नंबरचे, झाकणाच्या दोन छोट्या बाटल्यांत पाणी (एक धुवायला, एक स्वच्छ), जुन्या सुती कापडाचा तुकडा, वाऱ्यासाठी दोन क्लिपा. रंग सहा पुरेत: लेमन यलो, यलो ऑकर, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि एक थंड (हिरव्याकडे झुकणारा) निळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जवळजवळ काळ्यापर्यंतचे करडे मिळतात, म्हणून काळी ट्यूब मुद्दाम आणू देऊ नका. ती असली की सगळ्या सावल्या मेलेल्या दिसतात.

समोरच्या दृश्याचा तुकडा निवडून बघायला प्रत्येकाने चौकट मात्र बनवूनच यावं. काळ्या कार्डाच्या तीन सेंटिमीटर रुंद, एल आकाराच्या दोन पट्ट्या, क्लिपने जोडलेल्या. मधली खिडकी ५ × ७ सेंटिमीटर. ए५ कागदाचं प्रमाण १:१.४१ असतं आणि ही खिडकीही जवळपास तेवढीच भरते, त्यामुळे खिडकीत दिसलेली मांडणी कागदावर तशीच बसते. चौकोनी खिडकीतून बघून लांबट कागदावर काढलं की बाजूला काहीतरी ‘भरावं’ लागतं, आणि चित्र तिथेच बिघडतं.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच काढायचं नाही, नुसतं फिरायचं. मग दोन-दोन मिनिटांची पाच जलद रेखाटनं, रबर न वापरता. त्यानंतर काडेपेटीएवढे सहा थंबनेल (मांडणीचे कच्चे आराखडे), फक्त तीन टोनमध्ये: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. त्यातल्या एकाचाच पुढे पाऊण तासाचा रंगीत अभ्यास. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. अर्ध्या तासात सावलीची कड स्पष्ट हललेली दिसते. म्हणून सावल्यांचे आकार सुरुवातीलाच पेन्सिलीने बांधून घ्यायचे आणि नंतर त्यांचा पाठलाग करायचा नाही. फ्रेंच चित्रकार वालांसिएन याने १८०० सालीच बजावलं होतं की उघड्यावरचा अभ्यास दोन तासांपेक्षा लांबवू नये, आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा अर्ध्या तासापेक्षा. हा हिशोब आजही मोडत नाही.

कागद उन्हात धरून रंगवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. उन्हात रंग फार उजळ दिसतो, मग हात तो गडद करत जातो, आणि खोलीत आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. कागद सावलीत हवा. छत्री घेतली तर पांढरी किंवा करडी; लाल-निळ्या छत्रीचा रंग कागदावर पडतो. रंगीत काचांचा गॉगलही रंगवताना काढायचा.

फोनचं काय? बंदी घातली तर चोरून वापरतात, त्यापेक्षा मर्यादा घाला: पहिलं रेखाटन झाल्यावरच फोन बाहेर, आणि दिवसभरात १२ फोटो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे डोळ्यांना भव्य वाटलेला डोंगर फोटोत टेकडी होतो. दुप्पट झूमवर काढलं तर थोडं जवळ जातं. शिवाय फोन सावल्या आपणहून उजळवतो, म्हणजे सावलीचा रंग फोटोवरून शिकताच येत नाही. तो जागेवरच शब्दांत लिहायचा: ‘भिंत ऊन: फिकट गेरू, सावली: जांभळट, खाली हिरवी झाक’. इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये केलेल्या ढगांच्या अभ्यासांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहिलेला सापडतो. तशी तीन ओळींची नोंद प्रत्येक पानामागे सक्तीची करा.

दुपारी आत असताना स्मरणचित्र घ्या. एका वस्तूसमोर दहा मिनिटं उभं राहायचं, हात रिकामे. मग पाठ फिरवून दहा मिनिटं काढायचं. मग परत येऊन चुका दुसऱ्या रंगाने दाखवायच्या. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला लेकोक द ब्वाबोद्रां हे शिक्षक स्मरणशक्तीवर असंच काम करून घेत, मुलांना मोकळ्या जागेत नेऊन हलती-फिरती मॉडेल्सही बघायला लावत. प्रसिद्ध शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. पेन्सिलीशिवाय काही न चालणाऱ्या संग्रहालयात हा सराव फार चांगला बसतो.

सगळेच चित्रकार होणार नसतील तर काम थोडं बदला. उपयोजित कलेच्या (जाहिरात, मांडणी) मुलांना पाट्यांवरची अक्षरं आणि त्यांमधल्या मोकळ्या जागा. वस्त्रकलेच्या मुलांना पुनरावृत्तीचे आकार आणि पाच रंगांच्या पट्ट्या. शिल्पाच्या मुलांना प्लॅस्टिसिनचा (न वाळणाऱ्या मऊ मातीचा) मुठीएवढा गोळा, गळून पडलेल्या सालीवर दाबून ठसा घ्यायला. साल आधी किंचित ओली करावी, म्हणजे गोळा चिकटत नाही. जुन्या वास्तूच्या दगडावर मात्र ना ठसा, ना घासचित्र (वर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेलं).

परतायच्या आधी पाऊण तास राखून ठेवा. सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने उघड्या, प्रत्येकाचं एकच पान, प्रत्येकाला एक मिनिट. ‘कोणतं चांगलं झालं’ हे विचारूच नका, त्याने फक्त सफाईदार हाताची मुलं पुढे येतात. ‘यातलं काय मोठं करणार?’ एवढंच विचारा आणि उत्तर त्याच पानावर लिहून घ्या. ओले कागद एकमेकांवर ठेवायचे नाहीत. मध्ये बटर पेपर, आणि ब्रश टोपणात न घालता कापडात गुंडाळून.

मोठ्या कागदावरचं काम सहलीनंतर तीन दिवसांच्या आत सुरू होईल असा वर्ग आधीच वेळापत्रकात बसवून घ्या. रेषा वहीत राहते, रंग आणि जागेचं वजन आठवणीतून लवकर पुसट होतं. त्यामुळे सहल शुक्रवारी काढून पुढचा वर्ग दहा दिवसांनी असेल, तर सहलच पुढे ढकला.