पटवून देणारी भाषा शिकवताना

दहावीला जाहिरातलेखन शिकवताना आधी व्याख्या सांगू नका, एखादा खरा मजकूर मुलांना तपासू द्या. माझ्या मते सर्वांत उपयोगी नमुना म्हणजे जुलै १८९७ मधल्या ‘केसरी’च्या अग्रलेखाचे ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हे शीर्षक. फळ्यावर त्याशेजारी ‘सरकारचे डोके ठिकाणावर नाही’ असे विधान लिहा, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर वाचकाच्याच तोंडून कसे वदवून घेतले आहे, हे मुलांना उमगते. मग वाचनालयाची वेळ वाढवण्याची विनंती मुख्याध्यापकांना आणि पालकांना अशी दोनदा लिहून घ्या. वाचक बदलला की कोणती कारणे पुढे येतात आणि कोणती गळतात, या चर्चेला पुरेसा वेळ द्या. यमक, अनुप्रास लवकर जमतात. कोणी ‘सर्वांत स्वस्त’ लिहिले, तर कशाच्या तुलनेत, हे मात्र प्रत्येक वेळी विचाराच.