खोडव्याचे पाचट जाळण्यापूर्वी

आपण यंदा प्रथमच उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक, राखणार आहात. तोडणी संपताच कोणीतरी पाचटाला, म्हणजे शेतात पडलेल्या उसाच्या वाळलेल्या पानांना, काडी लावण्याचा सल्ला देईल, तेव्हा थांबावे. हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट निघते आणि त्यात 40 ते 50 किलो नत्र असते. ते पेटवले की नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे निघून जातात आणि हाती उरते ती राख. मीही अनेक वर्षे जाळतच होतो, कारण स्वच्छ दिसणाऱ्या शेताचा मोह सुटत नाही.

पाचट सरीत दाबून बसवावे आणि उघडे झालेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, कारण वरच्या डोळ्यांतून येणारे फुटवे कमजोर निघतात. मग पाचटाच्या टनामागे 8 किलो युरिया आणि 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरावे. टनामागे 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणूसंवर्धक मात्र खतात न मिसळता शेणखतातून वेगळे टाकावे. युरिया वगळू नये, अन्यथा पाचट कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र ओढून घेतात आणि ऊस पिवळा पडतो. पुढे कधी पाचटाचा थर उचलून पाहिलात, तर खाली ओल, पांढरी बुरशी आणि गांडुळांची विष्ठा दिसेल.

ही ओल टिकते, म्हणून पाण्याची पाळी लांबवता येते. शिरोळ, वाळवा भागातील कितीतरी जमिनी अतिपाण्यानेच क्षारपड झाल्या आहेत. पहिले पाणी मात्र पाचटामुळे सरीत तुंबते, तेव्हा ते हळू सोडावे.