गल्ली पाडली, आता शेजार कसा लिहायचा?

वाचक विचारतात

रस्ता रुंद करताना किंवा पुनर्विकासात पाडलेल्या गल्ल्यांबद्दल सोलापूरच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले काही प्रश्न, उत्तरांसह.

प्रश्न : मिलच्या मागच्या बाजूला आमची गल्ली होती. तीसएक बिऱ्हाडे होती : मराठी, तेलुगू, कन्नड आणि दोन-तीन मुसलमान घरे. आता तिथून डांबरी रस्ता जातो. आई आणि मामा दोघेही तिथेच वाढले, पण कोणाच्या शेजारी कोण राहायचे हे दोघे वेगवेगळे सांगतात. खरे कोणाचे धरायचे? — एक वाचक, सध्या पुणे

उत्तर : बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते. आधी एवढेच विचारा : गल्ली डोळ्यांपुढे आणता तेव्हा तुम्ही कुठून कुठे चालत असता? मामांच्या मनात मिलच्या गेटाकडून घराकडे येणारी वाट असेल आणि आईच्या मनात घराकडून नळाकडे जाणारी, तर एकाचा उजवा हात तो दुसऱ्याचा डावा होतो आणि घरांचा क्रम उलटतो. दोन याद्यांमधला अर्धाअधिक घोळ इथेच सुटतो.

दुसरा घोळ सालाचा. बिऱ्हाडे बदलत असतात. आई १९७० ची गल्ली सांगते, मामा १९८५ ची. म्हणून नकाशाला हात घालण्यापूर्वी एक साल ठरवा, आणि ते आकड्याने न विचारता घटनेने विचारा. घटना एका दिवसाची हवी. १९७२ चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो, पण तो लांबला होता, त्यामुळे माणसे दोन-तीन वर्षे एकात मिसळतात. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा दरवर्षीच येते, त्यामुळे तिच्यावरून साल कळत नाही. यात्रेला कोणाकडे कुठले पाहुणे उतरायचे हे मात्र तिच्यावरूनच निघते, तो प्रश्न नंतरसाठी ठेवा. साल पक्के करायला १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण चांगले : दारे लावून कोण कोणाच्या घरात बसले होते? त्याहून चांगली ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन नुकतेच उरकले होते, चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि सोलापुरातही माणसे घराबाहेर आली. ‘बाहेर आल्यावर शेजारी कोण कोण दिसले?’ एवढे विचारा. माणूस एकेक दार मोजत सांगू लागतो.

आता नकाशा. मोठा ड्रॉइंग कागद घ्या. आधी न हलणाऱ्या गोष्टी मांडा : सार्वजनिक नळ, विजेचा खांब, तालीम, देऊळ किंवा दर्गा, पिठाची गिरणी, किराणा दुकान, गटाराचा उतार. मग एकच बाजू घ्या आणि ती पूर्ण होईपर्यंत समोरच्या बाजूला जाऊ नका. ‘घरे किती?’ असे विचारू नका, ‘चुली किती?’ असे विचारा. घर म्हटले की माणूस रस्त्यावरची दारे मोजतो. बोळातून आत गेल्यावरची खोली, पोटभाडेकरू, जिन्याखालचे एकट्या म्हाताऱ्या माणसाचे बिऱ्हाड हे सगळे त्यात सुटते, आणि लहान मुलांचे येणे-जाणे नेमके तिथेच जास्त असायचे.

लांबी-रुंदी फुटांत विचारली तर अंदाज फार चुकतात. जुन्या माणसांना खणांत विचारा. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण चार ते पाच फूट. ‘बाहेरची खोली किती खणांची?’ याचे उत्तर चटकन येते. हातमागाचे घर असेल तर आणखी सोपे : खड्ड्याचा माग कोणत्या भिंतीला होता, माणूस त्यात पाय सोडून कोणाकडे तोंड करून बसायचा, कांड्यांवर सूत भरायचा रहाट कुठे होता, त्यावर कोणते पोर बसायचे. माग आणि रहाट कागदावर बसवले की खोलीचे माप आपोआप पुढे येते. छप्परही लिहा, माळवद (मातीचे सपाट छप्पर) होते की पत्रे. उन्हाळ्यात माळवदावर कोण झोपायचे आणि रस्त्यावर खाट कोण टाकायचे हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. पत्र्याखालची माणसे मे महिन्यात आत झोपूच शकत नव्हती, त्यामुळे रात्रीचा शेजार दिवसाच्या शेजारापेक्षा वेगळा असायचा.

आई आणि मामांना एकत्र बसवू नका. एकाचा आवाज मोठा असतो, दुसरा मान डोलावतो. दोघांचे नकाशे वेगळे काढा आणि नंतर एकावर बटर पेपर ठेवून दुसरा त्यावर उतरवा. जुळते ते काळ्या पेन्सिलीने, जुळत नाही ते दोन रंगांत. न जुळलेले खोडू नका. तिसरा माणूस भेटला की त्याला तेवढेच विचारायचे असते.

प्रश्न : आजीने आयुष्यभर विड्या वळल्या. शेजारणींबद्दल विचारले की म्हणते, ‘काय सांगायचं त्यात, सगळ्या कामातच होत्या.’ तिला बोलते कसे करावे? — एक वाचक, अशोक चौक

उत्तर : तिने उत्तर दिलेच आहे, सगळ्या कामातच होत्या. म्हणून कामाच्या क्रमानेच विचारा. ‘शेजारणी कशा होत्या?’ हा प्रश्न मोठा आहे, त्याला धरायला जागा नाही.

आदल्या रात्रीपासून सुरुवात करा. पाने कोणत्या भांड्यात भिजवायची, पाणी कुठल्या नळाचे, ओल्या फडक्यात गुंडाळून कुठे ठेवायची? सकाळी पाने कापायला कोण कोण जमायचे आणि कोणाच्या ओट्यावर? सावली कोणत्या बाजूला असायची? ओट्यावर बसायच्या जागा ठरलेल्या असत, तर आजीच्या डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण? पाने कापायचा पत्र्याचा साचा ज्याचा त्याचा होता की मागून आणायचा? पान कापून झाले, मांडीवर सूप आले, तंबाखू भरून विडी वळली, दोरा बांधला, तोंड दुमडले. यातले कोणते काम पोरांकडे असायचे? दोरा आणि तोंड बहुधा पोरांकडेच. मग कोणाची पोरे कोणाच्या सुपाशी बसायची? पंचवीस विड्यांची जुडी बांधून कारखान्यात द्यायला कोण कोणाबरोबर चालत जायचे? कारखान्यात विड्या छाटात काढल्या, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकल्या, आणि हजार भरले नाहीत, तर कमी पडलेल्या विड्या कोणी उसन्या दिल्या? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शेजाराचा खरा हिशोब उसनवारीत असतो : विड्या, पीठ, रॉकेल, रेशनची साखर, कारखान्यात जाताना सांभाळायला ठेवलेले तान्हे.

शक्य असेल तर आजीच्या हातात कात्री आणि एखादे रुंद पान द्या. टेंभुर्णीचेच हवे असे नाही. हात चालू झाला की क्रम आठवतो आणि क्रमाबरोबर माणसेही येतात. तंबाखू मात्र आणू नका, अनेकींची छाती त्याच धुळीने गेलेली असते.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. फोन विमान मोडवर टाका, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, पंखा बंद करा. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर वीज गेल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी बसा, कारण तो आवाज नंतर काढता येत नाही. आधी अर्धा मिनीट रेकॉर्ड करून ऐकून घ्या. सुरुवातीलाच तारीख, जागा आणि आजीची परवानगी तिच्याच आवाजात घ्या. १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, त्यामुळे जागेची चिंता नको. चिंता लिहून काढण्याची करा. एका तासाचे बोलणे उतरवायला चार ते सहा तास जातात, म्हणून बैठका साठू देऊ नका.

प्रश्न : गल्लीतल्या लोकांची नावे सरकारी कागदांवर कुठे मिळतील? — एक वाचक, साखर पेठ

उत्तर : नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका पहिली आठवते, पण कामगार गल्लीत ती कमी उपयोगाची. तिच्यावर मालकाचे नाव असते, राहणारे भाडेकरू नसतात. तिथून नगर भूमापन क्रमांक आणि नकाशाची प्रत घ्या, तुमच्या हाताने काढलेल्या नकाशाला तिचा आधार होईल.

माणसे सापडतात ती महापालिकेच्या घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत. तिथे मालकाबरोबर भोगवटादाराचाही, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचाही रकाना असतो. सोलापूर महानगरपालिका १९६४ साली झाली, त्याआधीच्या नोंदी नगरपालिकेच्या काळातल्या, तेव्हा अर्जात साल स्पष्ट लिहा. रस्त्यासाठी भूसंपादन झाले असेल तर संयुक्त मोजणीचा नकाशा आणि पंचनामा मागा, पाडण्याआधीची बांधकामे त्यात एकेक करून येतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘गल्लीची सगळी माहिती द्या’ असा अर्ज केला तर नकारच येतो. नोंदवही, प्रभाग आणि साल नेमके लिहा. लोकांची खासगी माहिती असल्याचे कारण देऊनही काही भाग नाकारला जाऊ शकतो.

जुनी मतदार यादी हाती आली तर घर क्रमांकाने लावून वाचा. त्यातल्या वयावर विसंबू नका. तेलुगू घरांत आडनाव आधी येते, मराठी लिहिणाऱ्याने ते कधी तसेच ठेवले, कधी शेवटी नेले. त्यामुळे एकच माणूस दोन कागदांवर दोन माणसे वाटतो. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव जुळते का ते पाहिल्याशिवाय दोघे वेगळे धरू नका.

प्रश्न : शेजारच्या तेलुगू अव्वा आणि कन्नड अक्का आम्हाला त्यांच्या भाषेत हाका मारायच्या. ते देवनागरीत कसे लिहावे? — एक वाचक, दाजी पेठ

उत्तर : ऐकू आले तसे लिहा, ‘इटु रा’, ‘इल्लि बा’, आणि ती भाषा घरी बोलणाऱ्याला मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना तो जिथे अडखळेल तिथे दुरुस्त करा. तेलुगू-कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, आपल्या रोजच्या लिखाणात तो फरक दिसत नाही, म्हणून आवाजाची फाईल जपून ठेवा. त्यांच्या वाक्यांचे शुद्ध मराठी करून छापू नका. त्या बायका मराठीही बोलायच्या, पण आपल्या वळणाने, तेही तसेच राहू द्या.

प्रश्न : गल्लीत दारू होती, मारहाण होती, एक-दोन घरांचे बोलले न जाणारे प्रकारही होते. ते लिहावे का? — नाव न देण्याच्या अटीवर

उत्तर : घडले ते लिहा, ओळख देऊ नका. नाव बदलून भागत नाही. ‘नळासमोरचे घर’ म्हटले की जुन्या गल्लीतल्या प्रत्येकाला कळते. अशा प्रसंगात घराची जागा, धंदा आणि मुलांची संख्या तिन्ही काढा. ज्यांच्यावर बेतले त्यांच्यापैकी कोणी हयात असेल तर आधी त्यांना वाचून दाखवा, आणि नको म्हणाले तर काढून टाका. लंगडा, काळी, अमक्या जातीचा अशी टोपणनावे तुमच्या वहीत राहू द्या, ओळख पटवायला ती लागतात. छापायच्या प्रतीत त्यांची खरी नावे घाला. खरे नाव कोणालाच आठवत नसेल तर त्यांचे काम लिहा : साचेखात्यातले (मिलमधल्या मागांच्या खात्यातले), बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) जाणारे, कांड्या भरणाऱ्या.