डायलिसिसच्या खाटेजवळ बसून आनंद कसा करायचा?

पत्र: यजमानांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे, दर वेळी चार तास. त्यापायी माझी नोकरी सुटली. महिला संघातल्या बायका म्हणतात, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.’ मला तर उपासनेत रडू येतं, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. एकांनी सांगितलं, खरा विश्वास असेल तर मशीन सोडा. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक बहीण, नागपूर

ताई, सप्रेम सलाम.

आधी मशीनचं. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, फुप्फुसात उतरतं, दम लागतो. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. मंडळीच्या (चर्चच्या) वडीलजनांना बोलावून, तेल लावून प्रार्थना जरूर करून घ्या. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात ते सांगितलंच आहे, पण उपचार सोडा असं तिथे कुठेही नाही. प्रेषित पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. हा सल्ला कोणी दिला ते पाळकसाहेबांच्या कानावर घाला. उद्या तोच सल्ला दुसऱ्या एखाद्या घरात जाईल.

आता आनंदाचं. ते वचन फिलिप्पैकरांस पत्रातलं, ४:४, आणि पौलाने ते कैदेतून लिहिलं. त्याच पत्राचा दुसरा अध्याय मात्र सांत्वनाला आलेलं कोणी वाचून दाखवत नाही. पौलाचा सहकारी एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी पोचला होता. तो वाचला, नाहीतर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल तिथे सरळ लिहितो (२:२७). त्याला दुःख लपवावंसं वाटलं नाही, तर तुम्ही का लपवावं? रडू येणं हा अविश्वास नाही.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, ‘कोठवर’ असं चार वेळा विचारलेलं. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. मशीन सुरू झालं की वहीत याच क्रमाने आपलं लिहा, दहा मिनिटं पुरे. तक्रार मोघम नको. नागपूरच्या मे महिन्यात यांना पाणी मोजून द्यावं लागतं, यांच्यासमोर मला घोटभर प्यायलाही चोरट्यासारखं होतं, हे असंच्या असं लिहा. मागणं फक्त आजचं: सुई एका टोचण्यात लागू दे, मध्येच बीपी पडू नये. बहुतेकांचं चुकतं ते इथे, तक्रार गिळून थेट पाचव्या वचनावर उडी मारतात आणि मग सगळंच खोटं वाटायला लागतं. भरवशाची ओळ आली नाही तर जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि वर्षभरात अख्खं बायबल वाचण्याचा नेम सध्या नकोच. चार दिवस चुकले की अपराधी वाटण्याचं आणखी एक ओझं.

एलीया संदेष्ट्याला मरण यावंसं वाटलं तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, तेही दोनदा (१ राजे १९). तुमचं जेवण आणि झोप त्याच मोलाची.

पौलाला कैदेत मोठा आनंद कशाने झाला? फिलिप्पैकरांनी पुन्हा त्याची काळजी वाहिली म्हणून (४:१०). म्हणून मदत मागा, पण नेमकी. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या बहिणीला सांगा: बुधवारी चार तास यांच्याजवळ बसाल? दुसरीला: शनिवारचा डबा द्याल? पाळकसाहेबांकडून महिनाभराच्या पाळ्या लिहून घ्या, तोंडी ठरलेल्या पाळ्या दुसऱ्या आठवड्यात गळतात. खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा.

दोन आठवडे झोप, भूक उडालेली राहिली तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात दाखवा. मरणाचे विचार आले तर मात्र थांबू नका, लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.