पहिला प्रश्न तुलाच येईल

प्रिय बेटा,

सातवीला मानवी हक्क शिकवायची सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. मानवी हक्क दिनाला, १० डिसेंबरला, फलक रंगवायचे, संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यावर भाषणं करायची, एवढं सगळ्याच शाळा करतात. करावंच. पण यवतमाळातल्या आर्णीकडच्या पोराला पॅरिसमध्ये मंजूर झालेला कागद आपला वाटायला वेळ लागतो.

म्हणून आधी शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम वर्गात वाच. शाळेत मुलाला मारायचं नाही, त्याचा मानसिक छळ करायचा नाही, आणि केला तर शिक्षकावर कारवाई होते. हे कलम तुलाच लागू आहे, हे पोरांना स्पष्ट सांग. मग एक दिवस कोणीतरी उठून म्हणेल, "सर, तुमी त्याले सगळ्यायसमोर ढ म्हटलं." त्या क्षणी वर्ग तुझ्या तोंडाकडे पाहत असेल. तू त्याला दटावून बसवलंस, तर पुढे वर्षभर काहीही शिकव, कोणी विश्वास ठेवणार नाही. ज्याला बोललास त्याची तिथंच, सगळ्यांसमोर माफी माग.

खरी कसोटी दिवाळीच्या आगेमागे लागते. कापूस फुटतो आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. आईबापांवर चिडू नकोस, आणि "ते तुमचा हक्क मारतात" असं तर पोरांपुढे कधीच बोलू नकोस. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दोन हात वाढले की पैसे वाढतात. शिवाय आई वावरात गेली की लहान भावाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते. तिचं नाव कोणत्याच मजुरीच्या हिशेबात येत नाही. हा हिशेब पोरांकडूनच फळ्यावर मांडून घे: आईनं किती वेचला, भाव काय मिळाला, त्यात घर किती दिवस चाललं. लेकराचा हक्क आईच्या मजुरीत अडकलाय, हे त्यांचं तेच बोलतील. मग कायदा सांग. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या शेतात मदत केलेली चालते. घरचं वावर आणि मालकाचं वावर यातला फरक पोरांना लगेच कळतो.

खिचडीच्या वेळी नुसता उभा राहून बघ. कोण कोणाजवळ बसतं, वाढायला कोणाला बोलावतात, झाडू कायम कोणाच्या हाती जातो. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम १७ तिथंच शिकवता येतं. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी १९२७ साली अमरावतीत सत्याग्रह झाला, पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते, हेही सांग. आपल्याच मुलखातली गोष्ट पोरं कान देऊन ऐकतात.

कोलाम, गोंड आदिवासी लेकरं वर्गात गप्प राहिली तर त्यांना कमी समजू नकोस. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं कलम ३५०-अ सांगतं. निदान त्यांच्या भाषेतले चार शब्द तू शिक.

१०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही. मात्र घरातलं दुखणं कोणालाही वर्गासमोर बोलायला लावू नकोस.

आणि एक काम लगेच कर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य बाया. बैठक दुपारी ठेवलीस तर त्या वावरात असतील. सायंकाळी ठेव, आणि वेचणीचा विषय पहिला घे. मला कळव, मीही येतो.

तुझे जुने गुरुजी