‘नास्तिक होते, पण पापभीरू होते’

प्रश्न : माझ्या थोरल्या मामांवर स्मरणिकेसाठी लेख लिहिते आहे. ते देव मानत नसत. वागायला मात्र कमालीचे सचोटीचे. मी लिहिले, ‘मामा नास्तिक होते, पण पापभीरू होते.’ माझा भाऊ म्हणतो, पाप ही कल्पनाच ज्यांना मान्य नव्हती त्यांना पापभीरू कसे म्हणणार? ‘नास्तिक’ऐवजी ‘निरीश्वरवादी’ लिहिले तर सौम्य वाटेल का? काही नातेवाईक त्यांना ‘पाखंडी’ म्हणत, तेही लेखात यावे का? आणि नावाआधी ‘कै.’ लावू की ‘दिवंगत’? मी स्वतः श्रद्धाळू आहे, म्हणून विचारते. माझ्या लिहिण्यातून त्यांच्यावर अन्याय व्हायला नको.

उत्तर : तुम्ही ज्या शब्दांबद्दल विचारलेत ते सगळे निभावून नेता येतील. ज्याबद्दल विचारले नाहीत तो ‘पण’ मात्र काढा.

‘गरीब होते, पण स्वाभिमानी होते’ हे वाक्य घ्या. गरिबाकडे सहसा स्वाभिमान नसतो, असे त्यात कोणी उघड म्हटलेले नाही. ‘पण’ने ते गृहीत धरले आहे. तुमच्या वाक्यातही तेच होते. देव न मानणारा माणूस वाईट वागेल अशी अपेक्षा होती आणि मामांनी ती खोटी ठरवली, असा अर्थ त्यातून निघतो. मामांची स्तुती होते खरी, पण बाकीच्या सगळ्या नास्तिकांना टोला बसतो. मी स्वतः देव न मानणारा, त्यामुळे हा टोला माझ्या ओळखीचा आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की आमच्या बाजूची माणसेही हाच ‘पण’ सर्रास वापरतात. ‘तो भाविक आहे, पण विचारी आहे’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते तितकेच उद्धट आहे. ‘देवभोळा’ या शब्दातली कीवही तशीच. ‘श्रद्धाळू’ हा चांगला शब्द हाताशी असताना ती दाखवायची गरज नसते.

आता भावाची हरकत. ती वरवर बिनतोड दिसते. पापाला भिणारा तो पापभीरू. पापच मानत नसेल तर भिणार कशाला? पण पाप म्हणजे देवाच्या आज्ञेचा भंग, हे समीकरण आपल्याकडच्या जुन्या वापराला पेलत नाही. बौद्ध आणि जैन परंपरांत जग निर्माण करणारा ईश्वर नाही. वैदिक दर्शनकारांनी दोन्हींना नास्तिक दर्शनांत बसवले. तरीही पाप आणि पुण्य हे शब्द दोन्हीकडे भरभरून येतात. ‘सब्बपापस्स अकरणं’, म्हणजे कोणतेही पाप न करणे, हे धम्मपदात बुद्धांची शिकवण म्हणून सांगितले आहे. आता तिथे कर्मफळ आहे, पुनर्जन्म आहे, आणि तुमच्या मामांना तेही मान्य नसेल. तरी पापाला ईश्वर लागतोच असे नाही, एवढे यातून सिद्ध होते. आजच्या मराठीत ‘पापभीरू’ म्हणताना परलोकातला हिशेब कोणाच्या मनात नसतो. ज्याच्या हातून दुसऱ्याचे वाईट होणार नाही, झालेच तर ज्याला झोप लागणार नाही, असा माणूस आपल्या डोळ्यांपुढे असतो. तेव्हा शब्द खुशाल ठेवा. (‘भीरू’तला रू दीर्घ. संस्कृतात तो ऱ्हस्व असला तरी मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहितात, ‘गुरू’सारखा. ‘भीरुता’ लिहिताना पुन्हा ऱ्हस्व.)

भावाच्या हरकतीमागचा प्रश्न मात्र शब्दापुरता नाही. देव नसेल तर वाईटाला वाईट ठरवणार कोण? हा प्रश्न आमच्यासारख्यांनी हसून उडवून लावू नये. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादात सॉक्रेटिस उलट बाजूने विचारतो : देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिले मानले तर देवांच्या लहरीवर सगळे अवलंबून राहते. दुसरे मानले तर पावित्र्य देवांच्या आधीच ठरलेले असते. नास्तिक हा पेच विजयी मुद्रेने पुढे करतात. श्रद्धावंतांकडेही त्याला विचारपूर्वक दिलेले उत्तर आहे : चांगुलपणा हा ईश्वराचा स्वभावच, तेव्हा आज्ञा आणि चांगुलपणा अशी फोड करताच येत नाही. मला ते पटत नाही, पण ते पळवाट म्हणून दिलेले उत्तर नव्हे. माझ्यापुरते, दुसऱ्याला होणारे दुःख हेच पुरेसे कारण आहे. ते दुःख माझ्या लेखी मोलाचे का असावे, यापुढे मला फार खोल जाता येत नाही. तुमच्या भावाशी मामांचे यावर बोलणे झाले असेल तर लेखात ते जरूर घ्या. माझ्या विवेचनापेक्षा ते वाचायला बरे.

‘निरीश्वरवादी’ने सौम्यपणा येईल का? थोडा येईल, शिवाय अर्थही बदलेल. पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०) या सूत्रावरून आस्तिक, नास्तिक हे शब्द सिद्ध होतात. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी मती असलेला नास्तिक. काय आहे किंवा नाही, हे सूत्र सांगत नाही. पाणिनीच्या सूत्रांचे विवरण करणारा जुना ग्रंथ काशिकावृत्ती तिथे ‘परलोक’ घालतो. मनुस्मृती (२.११) वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हणते. देव यांपैकी कुठेच कसोटीला नाही. म्हणूनच ईश्वराला स्थान न देणारे सांख्य आणि पूर्वमीमांसा आस्तिक दर्शनांत मोडतात. आज सामान्य वाचक ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा असेच समजतो आणि तो वापर पक्का झाला आहे. ‘निरीश्वरवादी’ला दर्शनग्रंथाचा वास येतो, मामांनी एखादा सिद्धान्त मांडला होता असे वाटेल. ‘अज्ञेयवादी’ तर त्याहून वेगळा. ‘देव आहे की नाही हे कळणे शक्य नाही’ म्हणणारा तो, आणि मामांची भूमिका ती नव्हती असे तुमच्या पत्रावरून दिसते.

त्यापेक्षा तुमच्याच पत्रातला साधा शब्दप्रयोग घ्या : ‘ते देव मानत नसत.’ फक्त इथे एका प्रत्ययाला जपा. ‘मानणे’ म्हणजे खरे धरणे, आणि मान देणे हाही त्याचा अर्थ. ‘गुरुजींना सगळे मानतात’ यात गुरुजी अस्तित्वात आहेत की नाहीत हा वाद नाही. त्यामुळे ‘देव मानत नाही’ हे माझ्या कानाला मत वाटते. ‘देवाला मानत नाही’ म्हटले की त्यात बंडखोरी, क्वचित अनादरही ऐकू येतो. घरातले निम्मे वाद या ‘ला’वरून पेटत असावेत.

‘पाखंडी’ लेखात यायला हरकत नाही, तो तुमचा शब्द म्हणून येऊ नये. ‘काही आप्त त्यांना पाखंडी म्हणत’ असे सरळ लिहा. या शब्दाची पडझड मोठी आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, कोणाचाही. गिरनारच्या बाराव्या लेखात राजा सर्व पासंडांचा आदर करतो आणि त्यांच्या वाढीचे मूळ ‘वचिगुती’ म्हणजे वाणीचा संयम असे सांगतो : कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. त्याच शब्दाला पुढे ढोंगाचा अर्थ चिकटला. आणि तुमच्या वर्णनावरून, ढोंग ही एक गोष्ट मामांना कधी जमली नाही.

राहिला ‘कै.’. त्याचा विस्तार कैलासवासी, तेव्हा तो मामांना लावू नये. ‘दिवंगत’ अनेक जण तटस्थ पर्याय म्हणून सुचवतात, पण फोड केली तर ‘दिवं गत’, स्वर्गाला गेलेला. रुळून रुळून त्यातला स्वर्ग पुसट झाला आहे, म्हणून तो चूक ठरवणार नाही. तुम्ही बारकाईने विचारलेत म्हणून सांगतो : नुसते नाव लिहा आणि कंसात जन्म-मृत्यूची वर्षे द्या. मजकुरात ‘देवाज्ञा झाली’ऐवजी ‘निधन झाले’. वाक्य असे करता येईल : ‘मामा देव मानत नसत. त्यांच्याइतका पापभीरू माणूस मी पाहिलेला नाही.’ दोन वाक्ये, मध्ये पूर्णविराम. शेवटी तुम्हाला स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे त्यांच्यासाठी प्रार्थना लिहायची असेल तर ‘मी प्रार्थना करते’ असे प्रथमपुरुषात लिहा, ‘ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो’ असे नको.